नाही म्हणायला विसरलेले सारस

फार फार मागची गोष्ट आहे. तेव्हा पक्षी आणि माणसं एकमेकांशी बोलत असत, आणि त्याहून नवलाचं म्हणजे एकमेकांचं ऐकूनही घेत असत.

त्या काळी एका राज्याच्या मधोमध एक डोंगर होता. भावाभावांनी एकाच घरात मधे भिंत घालावी, तसा तो आडवा पसरला होता. लोक त्याला आडवा डोंगरच म्हणत. अलीकडे एक मोठं तळं होतं, भाताची खाचरं होती, लहान लहान गावं होती. पलीकडे बाजारपेठ होती, नामांकित वैद्य होते, देवीचं मोठं देऊळ होतं. आणि अलीकडच्या कितीतरी मुलींची सासरंही पलीकडेच होती.

डोंगर चढून जाणं शक्य नव्हतं. त्याला वळसा घालून एक वाट जायची. सरदार-दरकदार त्या वाटेनं मेण्यातून जात, सावकार घोड्यावरून जात. पायी जाणाऱ्याला मात्र चार दिवस लागत. चार दिवस जायला, चार दिवस यायला. रोज काम केलं तरच ज्याची चूल पेटते, त्यानं एवढे दिवस कुठून आणायचे? त्यामुळे डोंगरापलीकडे मुलगी दिली की आई तिला पोटाशी धरून असं रडायची, की आता पुन्हा भेट होते की नाही कुणास ठाऊक.

तळ्याकाठी चांगुणा नावाची बाई राहत होती. बांबूच्या कामट्यांच्या टोपल्या आणि सुपं विणून ती पोट भरायची. नवरा लवकर गेला. साळू ही एकुलती एक लेक, आणि तीही पलीकडेच दिलेली. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, तरी मायलेकींची गाठ पडली नव्हती.

एका सकाळी चांगुणा बांबू भिजत घालायला तळ्यावर आली, आणि काम तसंच टाकून काठावर बसून राहिली. तळ्यात सारसांचा थवा उतरला होता. उंच पायांचे, लांब मानेचे, करड्या पंखांचे ते पक्षी. त्यांची नायकीण होती धिमी. तिचं सगळंच सावकाश असायचं. ती बोलायची सावकाश, चालायची सावकाश, पण एकदा म्हणाली की ते करायची.

धिमीनं मान वळवून विचारलं, "बाई, रोज बघते तुला. आज तुझे हात का थांबले?"

"लेकीची आठवण आली," चांगुणा डोळे पुसत म्हणाली. "तुमचं बरं आहे बाई. पंख हलवले की पलीकडे."

"आम्ही तर रोजच जातो. पलीकडच्या शेतात दाणे टिपायला. त्यात काय एवढं?"

"त्यात काय, म्हणे! माझी लेक आहे तिकडे."

धिमीनं काठावर पडलेल्या बांबूंकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू एवढ्या टोपल्या विणतेस. तुला बसता येईल असा एक मोठा हारा विण. त्याला चार दोर बांध. आम्ही चौघं मिळून उचलून बघतो. जमलं तर जमलं. नाही जमलं तर तसं सांगू."

चांगुणानं हारा विणला. दोरांच्या टोकांना जुन्या लुगड्याचे मऊ पट्टे शिवले, म्हणजे पक्ष्यांच्या छातीला दोर काचू नयेत. चार सारस पुढे आले. त्यांत उंचमान नावाचा एक तरुण सारस होता. नाव शोभेल अशीच त्याची मान होती, आणि अंगात बळ तर चौघांत जास्त.

हारा जमिनीवरून उचलला गेला तशी चांगुणा किंचाळली आणि तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. "आई, आई, खाली सोडा गं!" असं ती ओरडत होती, आणि कुणी खाली सोडत नव्हतं. मग वारा थंड झाला. तिनं एक डोळा उघडून पाहिलं. ज्या डोंगरानं तिची लेक तिच्यापासून तोडली होती, तो तिच्या पायाखालून निमूट मागे सरकत होता.

सकाळचं ऊन डोक्यावर यायच्या आत ती साळूच्या अंगणात उतरली. साळू भाकऱ्या थापत होती. ती पिठाच्या हातांनीच धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. त्या दिवशी चांगुणाच्या पाठीवर पिठाचे दोन पंजे उमटले, आणि घरी परतल्यावरही तिनं ते लुगडं कितीतरी दिवस धुतलं नाही.

अशी सुरुवात झाली.

मग काय विचारता! तळ्याकाठच्या मोठ्या उंबराखाली माणसांची रीघ लागली. चांगुणानं आणखी हारे विणले, तिचं बघून इतरांनीही विणले. धिमीनं मोबदला ठरवला तो एवढाच, की ज्याच्याकडे जे धान्य असेल त्याची एक मूठ. तांदूळ, नाचणी, वरी, काहीही चालेल. त्या मुठींवर सारसांची पिल्लं उन्हाळ्यातही पोटभर जेवू लागली.

एकदा एक सावकार आला. अंगानं चांगलाच भरलेला. गर्दीतून पुढे होत म्हणाला, "मी पाच मुठी देतो. मला आधी न्या, आणि बसायला गादी घाला."

धिमी म्हणाली, "शेठ, तुम्हाला उचलायला सहा जण लागतील, ते आम्ही देऊ. मूठ मात्र एकच घेऊ. आणि तुमच्या आधी ही गुराखीण आली आहे, तिच्या मागे उभे राहा."

सगळा उंबर हसला. सावकारही थोडा वेळ फुगून राहिला आणि मग हसला. त्या दिवसापासून तो कधी घोड्यावरून गेला नाही.

पण लोकांचा सारसांवर जो जीव जडला, तो काही एका मुठीच्या स्वस्ताईमुळे नव्हे. त्याचं कारण वेगळं होतं. रोज पहाटे धिमी एकटी उंच जायची, डोंगरमाथ्यावरचा वारा अंगावर घेऊन बघायची, आणि खाली येऊन उंबराखाली जमलेल्या माणसांना स्पष्ट सांगायची.

"आज वारा बरा आहे. सगळे जातील."

किंवा, "आज वरती वारा फिरला आहे. आज कुणीच जाणार नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी आत्ताच वाटेला लागा. उद्याचं उद्या सांगेन."

नाही म्हणताना तिचा आवाज चाचरायचा नाही. लोक हिरमुसायचे, पण चिडायचे नाहीत. चालायचं असेल तो पदर खोचून चालू लागायचा, थांबायचं असेल तो घरी जायचा. धिमी म्हणाली ना, मग तसंच असणार. सुगीच्या दिवसांत पहिली मूठ सारसांसाठी वेगळी काढायची रीत घरोघर पडली. बाळाला झोपवताना आया आकाशातून येणाऱ्या करड्या पंखांची गाणी म्हणू लागल्या.

अशी पुष्कळ वर्षं गेली. धिमीचे पंख जड झाले. पहाटे वर जाताना तिला धाप लागू लागली. एके दिवशी तिनं थव्याला बोलावलं आणि उंचमानला पुढे केलं.

"याच्या अंगात बळ आहे आणि कष्टाला हा मागे हटत नाही. आजपासून हा तुमचा नायक."

उंचमान दुष्ट नव्हता, हे आधीच सांगायला हवं. आपलं नाव मोठं व्हावं असं त्याला वाटे, पण थव्याचं भलं व्हावं असंही मनापासून वाटे. पहिले काही महिने तो धिमीसारखाच वागला. मग एक दिवस राजधानीतून दिवाण आले.

दिवाण उंबराखाली उभे राहिले, येणारेजाणारे हारे त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "तुमचं नाव महाराजांच्या कानावर गेलं आहे. महाराजांनी विचारलंय, दिवसाला किती माणसं नेता?"

उंचमाननं अभिमानानं आकडा सांगितला.

"एवढीच?" दिवाण म्हणाले.

बस्स, एवढंच म्हणाले आणि मेण्यात बसून निघून गेले. पण तो एक शब्द उंचमानच्या मनात कुसळासारखा रुतून बसला.

तो विचार करू लागला. एका हाऱ्याला चार सारस कशाला? तिघांनी उचललं तर उरलेल्यांचे आणखी हारे होतील. दिवसातून एकच खेप कशाला? दोन करू, तीन करू. सावकार गादी मागतात ना, मग द्यावी गादी आणि घ्याव्यात पाच मुठी. गाठोडं असेल तर आणखी एक मूठ. लेकरू मांडीवर घेतलं तर अर्धी मूठ. वाऱ्याच्या बाजूला बसायचं नसेल तर तेही सांगा, त्याचीही मूठ.

लोक कुरकुरले, पण देत राहिले. आपलेच सारस आहेत, त्यांचीही पिल्लं वाढली असतील, असं म्हणत राहिले. माणूस ज्याच्यावर माया करतो त्याचं बरंच पोटात घालतो.

मग उंचमाननं एक गोष्ट केली, आणि ती मात्र आधीच्या सगळ्यांहून वाईट होती. त्यानं पहाटे वर जाऊन वारा बघणं बंद केलं.

"वारा बघितला की कधी कधी नाही म्हणावं लागतं," तो थव्याला म्हणाला. "नाही म्हटलं की माणूस घरी जातो. घरी गेलेल्या माणसाची मूठही घरीच जाते. त्यापेक्षा थांबवून ठेवावं. आज ना उद्या नेऊच की!"

लोकांना थांबवून ठेवायला त्यानं उंबरावर पोपट बसवले. सारसांना वेळ नव्हता, ते दमून गेलेले असत. पोपट मात्र ताजेतवाने आणि गोड गळ्याचे. त्यांना एकच वाक्य शिकवलं होतं.

"आत्ताच निघतोय, जरा थांबा."

कुणी काहीही विचारलं, तरी उत्तर तेच. वारा कसा आहे? आत्ताच निघतोय, जरा थांबा. माझा हारा कुठे आहे? आत्ताच निघतोय, जरा थांबा. अरे, काल सकाळपासून बसलोय! आत्ताच निघतोय, जरा थांबा.

हे सगळं धिमी तळ्याच्या कडेच्या लव्हाळ्यातून बघत होती. एक दिवस उंचमान पाणी प्यायला आला तेव्हा ती म्हणाली,

"उंचमान, हारे वाढवलेस ते ठीक. मुठी वाढवल्यास तेही एक वेळ ठीक. पण लोकांना खरं सांगायचं का सोडलंस?"

"आत्याबाई, तुमचा काळ वेगळा होता," उंचमान म्हणाला. "तुमच्या वेळी चार हारे होते. आता पसारा केवढा वाढलाय! प्रत्येकाला खरं सांगत बसलो तर उडायचं कधी?"

आपण नायकी सोडली आहे, म्हातारीनं किती बोलावं, असं धिमीला वाटलं. ती गप्प बसली.

आणि मग त्या वर्षीची लगीनसराई आली.

एका सरदाराच्या घरचं लग्न होतं. सगळं वऱ्हाड सारसांनीच न्यावं, असा त्याचा हट्ट होता. उंचमान हो म्हणाला. पलीकडे देवीची जत्रा होती. जत्रेकऱ्यांनाही तो हो म्हणाला. बाजारात माल न्यायचा होता त्या व्यापाऱ्यांनाही हो म्हणाला. एकाच सकाळसाठी एकेक सारस त्यानं तीन-तीन ठिकाणी देऊन ठेवला होता.

त्याच दिवसांत पलीकडून एक कासार हाऱ्यात बसून परत आला. तो उंबरापासून थेट चांगुणाच्या दारात गेला.

चांगुणा आता म्हातारी झाली होती. कामट्या सोलताना तिचे हात थरथरायचे. साळूलाही आता दोन मुलं होती.

"चांगुणाबाई," कासार म्हणाला, "तुमच्या साळूला बांगड्या भरायला गेलो होतो. ती अंथरुणावर आहे. ताप उतरत नाही. वैद्यांनी तुम्हाला बोलावून घ्या म्हणून सांगितलंय. उशीर करू नका."

चांगुणानं हातातली सुरी खाली ठेवली, दार लोटलं आणि तशीच उंबराखाली गेली. सूर्य नुकताच वर येत होता.

"मला आज पलीकडे जायचंय," ती पोपटाला म्हणाली. "लेक आजारी आहे. हारा आहे ना?"

"आत्ताच निघतोय, जरा थांबा," पोपट गोड आवाजात म्हणाला.

ती थांबली. ऊन चढलं. वऱ्हाडाचे हारे गेले, रेशमी पडदे लावलेले. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

"हे बघ बाबा," ती हात जोडून म्हणाली, "जमणार नसेल तर तसं सांग. मी चालत जाईन. मला पाय आहेत. पण खरं काय ते सांग."

"आत्ताच निघतोय, जरा थांबा."

दुपारी उंचमान स्वतः खाली उतरला. चांगुणानं धावत जाऊन त्याला गाठलं. त्यानं तिला ओळखलं. का नाही ओळखणार? तिनं शिवलेला पहिला पट्टा त्याच्याच छातीवर बसला होता.

"उंचमान, साळूला बरं नाही रे. मला नेता येईल का नाही, तेवढं सांग."

उंचमाननं आकाशाकडे पाहिलं. डोंगरमाथ्यावर ढग फाटत होते, वारा फिरत होता. त्यानं तळ्याकडे पाहिलं. पट्ट्यांनी छाती सोललेले सारस चिखलात पंख टाकून पडले होते. नाही, हे उत्तर त्याच्या समोर पसरलेलं होतं. पण कितीतरी दिवसांत त्यानं तो शब्द उच्चारला नव्हता.

"मावशी, तुम्ही तर आमच्या घरच्या," तो म्हणाला. "तुम्हाला नाही कसं म्हणेन? पुढचा हारा तुमचाच. बसा तुम्ही, निवांत बसा."

चांगुणाचा चेहरा उजळला. ती उंबराच्या बुंध्याला टेकून बसली. तो दिवस मावळला. दुसरा दिवस उगवला आणि तोही गेला. प्रत्येक वेळी पंखांचा आवाज झाला की ती उठून उभी राहायची. भूक लागली तरी ती उठून कुठे गेली नाही. आपण तिकडे वळलो आणि हारा आला तर?

तिसऱ्या दिवशी सकाळी एक शेतकरी गुरं घेऊन जाताना तिच्याजवळ थांबला.

"आजीबाई, कुणाची वाट बघताय? वरती वारा किती सुटलाय! परवापासून या बाजूनं एकही हारा डोंगर ओलांडून गेलेला नाही. वऱ्हाडाचे गेले तेवढेच. सारस सगळे तळ्यापलीकडे पडलेत."

चांगुणानं उंबरावर बसलेल्या पोपटाकडे एकदा पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि वळणाच्या वाटेनं चालू लागली.

ती कुठे थांबली नाही. पाय सुजले, वहाणेचा अंगठा तुटला, तरी ती चालत राहिली. चौथ्या दिवशी संध्याकाळी साळूचं गाव दिसलं. जावई वेशीजवळ उभा होता. त्यानं सासूला पाहिलं आणि पुढे येऊन तिचा हात धरला.

"काल दुपारी," तो म्हणाला. "कालपर्यंत होती हो. शुद्धीवर होती. मला म्हणाली, माझी बाज अंगणात काढा. आई वरून येईल, मला आतून दिसणार नाही. मी काढली बाज अंगणात. दिवसभर आकाशाकडे बघत होती."

चांगुणा अंगणात गेली. बाज अजून तिथेच होती. ती बाजेच्या कडेवर बसली आणि दोन्ही नातवंडांना जवळ घेतलं. तिला रडूही येईना. सारखा एकच हिशेब डोक्यात फिरत होता. त्या पहिल्या सकाळीच निघाले असते तर. निरोप मिळाला तशीच चालू लागले असते, तर साळूच्या उशाशी बसून एक अख्खी रात्र मिळाली असती.

दिवसकार्य उरकून चांगुणा परत आली, तीही चालतच. उंबराखाली माणसं बसली होती, पोपट बोलत होते. तिची बातमी तिच्या आधी पोचली होती. उंचमान मान खाली घालून पुढे आला.

"मावशी, चूक झाली," तो म्हणाला. "फार मोठी चूक झाली. यापुढे तुमच्याकडून एक दाणाही घेणार नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा, जन्मभर तुम्हाला पलीकडे नेऊ. गादी घालून नेऊ."

"आता पलीकडे मी कुणाकडे जाऊ?" चांगुणा म्हणाली.

उंबराखालची माणसं वळून बघू लागली.

"नातवंडं आहेत, ती मी इकडेच आणवून घेईन," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच उंचमानला सोसवेना. "तू मला नेलं नाहीस, याचं मला काही वाटत नाही रे. वारा तुझ्या हातात नव्हता. सगळे दमले होते, तेही मला दिसलं. धिमीनंही मला कितीदा परत पाठवलं होतं. पण तू नाही म्हणाला असतास, तर मी त्याच क्षणी चालायला लागले असते. तुझा हो खरा मानून मी इथे बसून राहिले. माझी लेक तिकडे वाट बघत होती, आणि मी इथे तुझी वाट बघत होते."

एवढं बोलून ती घरी गेली. तिनं शाप दिला नाही, गाऱ्हाणं घेऊन राजाकडे गेली नाही.

पण त्या दिवशी उंबराखाली बसलेला प्रत्येक जण आपापली गोष्ट सांगू लागला. कुणाची वैद्याची भेट चुकली होती, कुणी पोचायच्या आत घरचं लग्न उरकून गेलं होतं, कुणाचा भाऊ वाट बघून परत गेला होता. एवढे दिवस प्रत्येकाला वाटत होतं, की आपल्याच एकट्याच्या बाबतीत असं झालं असेल. गर्दीत बसून बोलताना कळलं, की सगळ्यांच्याच बाबतीत झालं आहे. ऊन उतरलं तशी माणसं एकेक करून उठली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी थोडीच आली. पुढच्या महिन्यात त्याहून थोडी.

उंचमाननं धडपड केली नाही असं नाही. पाच मुठींची गादी काढून टाकली. गाठोड्याची मूठ माफ केली. एका मुठीची अर्धी मूठ केली, मग तीही नको म्हणाला. पोपटांना हाकलून दिलं. स्वतः गावोगाव जाऊन सांगितलं, की आता आम्ही सुधारलो आहोत, खरं तेच बोलू. लोक अंगणात उभे राहून ऐकायचे, त्याला पाणी द्यायचे आणि मान डोलवायचे. पण उंबराखाली कुणी यायचं नाही. खरं बोलू, असं जो सांगत फिरतो, त्याचं ते सांगणंही खरं मानायला काहीतरी लागतं. तेच संपलं होतं.

गावांनी मिळून वळणाची वाट नीट करायला घेतली. काटे तोडले, दगड बाजूला सारले, जागोजागी पाणपोया घातल्या, रात्रीच्या मुक्कामाला छपरं उभारली. वाट चार दिवसांचीच राहिली. पण चार दिवस म्हणजे चारच दिवस, एवढं तरी नक्की होतं.

सारसांना मुठी मिळेनाशा झाल्या. वाढलेला थवा, तेवढी पिल्लं, आणि पोटाला काही नाही. मग ते शेतांत उतरू लागले. ज्या खाचरांच्या बांधावर लोक त्यांच्यासाठी पहिली मूठ ठेवत होते, त्याच बांधावर उभं राहून लोक आता गोफणी फिरवू लागले. थवा फुटला. कुणी या तळ्यावर गेलं, कुणी त्या नदीवर. जोडीजोडीनं पांगले.

शेवटी उंचमान लव्हाळ्यात पडून असलेल्या धिमीकडे गेला. तिला आता उभंही राहवत नव्हतं.

"आत्याबाई, मला कुणाला फसवायचं नव्हतं," तो म्हणाला. "मला सगळ्यांनाच न्यायचं होतं. कुणालाच नाराज करायचं नव्हतं."

"माहीत आहे मला," धिमी म्हणाली.

"मग माझं चुकलं कुठे?"

"तुला नाराजीची भीती वाटली," ती म्हणाली. "लोक नाराज होतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. मी आयुष्यभर त्यांना नाराज करत आले." तिला धाप लागली होती. "माझंही चुकलं. मी तुला एकदाच बोलले. तू ऐकलं नाहीस, तेव्हा पुन्हा बोलायला हवं होतं. बोलले असते, तर त्या बाईची लेक तिला भेटली असती."

उंचमान तिच्याजवळ बसून राहिला. त्या हिवाळ्यात धिमी गेली.

वर्षं उलटली. वळणाच्या वाटेवरून एक आई आपल्या लहान मुलीला घेऊन माहेरी चालली होती. दुसरा दिवस होता, मुलगी दमली होती. इतक्यात डोक्यावरून सारसांची एक जोडी डोंगराच्या दिशेनं उडत गेली. मुलगी थांबून बघत राहिली.

"आई, केवढे मोठे आहेत ते! त्यांना हाक मारू? आपल्याला नेतील का गं पलीकडे?"

आईनं वर पाहिलं. लहानपणी तीही कधीतरी तिच्या आईच्या मांडीवर बसून त्या डोंगरावरून गेली होती. खाली दिसलेलं तळं तिला अजून आठवत होतं. तिचे डोळे भरून आले, तसे तिनं ते पुसले आणि मुलीचा हात धरला.

"ते हो म्हणतील, बाळा," ती म्हणाली. "तू चल."

बोध: जे जमणार नाही त्याला हो म्हणू नये; आपल्या शब्दावर भरवसा ठेवून कुणीतरी आपली वाट सोडून थांबलेलं असतं.